लेकराला धाप लागू द्या

सकाळी सात-साडेसातची वेळ. पाथरीतल्या एका शाळेच्या मैदानावर खेळाचे सर फक्कीनं खो-खोच्या रेषा मारताहेत. दोन्ही खांब आदल्या वर्षीचेच, एक थोडा कललेला. पाचवी ते आठवीची पोरं रांगेत उकिडवी बसलीत आणि खो मिळाला की गोफणीतल्या दगडासारखी सुटताहेत. कडेला लिंबाच्या सावलीत एक मुलगा मांडीवर वही घेऊन गुण लिहितोय. त्याच्याभोवती सगळ्यांची दप्तरं आणि चपला आहेत. सहावीतला, अंगानं भरलेला. प्रत्येक गडी बाद झाला की तो सगळ्यांच्या आधी ओरडतो. नियम त्याला पाठ आहेत, कोण कुठल्या बाजूला हूल देतं हेही माहीत आहे.

‘‘हा खेळत नाही का?’’ मी सरांना विचारलं.

‘‘खेळायचा. पण धाप लागते हो त्याला लगेच. पोरं हसतात. मग मीच म्हणालो, तू गुण लिहीत जा.’’

सरांच्या बोलण्यात माया होती. पोराला कुणी हसू नये म्हणूनच त्यांनी त्याला सावलीत बसवलं होतं. असं गुण लिहिणारं, दप्तरं सांभाळणारं एखादं लेकरू गावोगावच्या मैदानांच्या कडेला असतं. ज्याच्या हृदयाला मैदानाची सगळ्यांत जास्त गरज आहे, त्यालाच आपण काळजीपोटी मैदानाबाहेर ठेवतो.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘बदलतं गाव, बदलतं शरीर’ असा विषय दिला, तेव्हा मुलांच्या लठ्ठपणावर लिहायचं ठरलं. पुण्या-मुंबईच्या मुलांबद्दल बरंच लिहून झालं आहे. म्हणून परभणी जिल्ह्यातलं पाथरी निवडलं. एका अंगाला गोदावरी आणि ढालेगावचा बंधारा, शिवारात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी, ऊस-कापूस-सोयाबीन, गावातून जाणारा कल्याण-निर्मल महामार्ग आणि साईबाबांचं जन्मस्थान मानून मंदिराला येणारे भाविक, असं हे तालुक्याचं गाव. ऊसतोडीला बाहेर जाणारी कुटुंबं याच मुलखातली. ‘इथं कुठं आलीत जाड पोरं? इथं तर हाडं दिसणारी लेकरं,’ असं अनेकांनी ऐकवलं.

हाडं दिसणारी लेकरं आहेतच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३६ टक्के मुलं वयाच्या मानानं कमी वजनाची निघाली. त्याच फेरीत याच वयोगटातल्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण ४.१ टक्के होतं. आधीच्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, ते १.९ टक्के होतं. चार-पाच वर्षांत दुपटीहून अधिक. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या जागतिक अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतात ५ ते १९ वयाची सुमारे सव्वा कोटी मुलं लठ्ठ होती. ही सगळी महानगरांत राहत नाहीत. वाळलेलं आणि सुटलेलं लेकरू आता एकाच गल्लीत, कधी एकाच घरात सापडतं.

खात्यापित्या घरचं

बस स्थानकाजवळच्या टपरीवर पाच आणि दहा रुपयांच्या खाऊच्या पुडक्यांच्या माळा लटकलेल्या असतात. शाळा सुटली की इथं गर्दी होते. पाच रुपये ही आता लेकराच्या हातावर ठेवायची साधी रक्कम झाली आहे. पूर्वी रडणाऱ्या पोराला गुळाचा खडा मिळायचा, आता पुडकं मिळतं. शाळा दूर नसते, पण महामार्गावरून ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या धावतात, म्हणून आई-बाप दुचाकीवर नाहीतर रिक्षानं सोडतात. त्यांची भीती खरी आहे. शाळेनंतर शिकवणी, शिकवणीनंतर गृहपाठ, त्यानंतर मोबाइल. दिवसभरात लेकरू जे चालतं ते घरातल्या घरात.

एका घरी ओट्यावर आजी भेटल्या. नातू नऊ वर्षांचा. मी व्यायामाचा विषय काढला तर त्या थोड्या रागावल्याच.

‘‘उगं कशाला पळवता दादा लेकराला? आम्ही दुष्काळात सुकडी खाऊन दिवस काढले. आता कुठं देवानं चार घास दिलेत. अंग धरलंय पोरानं, खात्यापित्या घरचं दिसतंय, तर लोकांची नजर लागायली.’’

आजींचा राग समजून घेतल्याशिवाय हा प्रश्न समजत नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी अंगावर काढला, त्यांच्या डोळ्यांना गुबगुबीत लेकरू म्हणजे घरावरचं संकट टळल्याची खूण वाटते. त्यांना ‘तुमचा नातू लठ्ठ आहे’ म्हणणं म्हणजे त्यांच्या कष्टाला नाव ठेवणं. त्यामुळे बोलणं वजनावरून सुरू झालं की तिथंच संपतं.

त्याच मुलाची आई आतून आली. तिचं म्हणणं वेगळंच होतं. ‘‘याची मान बघा ना. रोज डाळीचं पीठ लावून घासते, काळेपणा जातच नाही.’’ मुलानं मान वळवली. मानेच्या मागच्या घडीत काळसर, जाडसर, मखमली दिसणारा पट्टा होता. काखेतही तसाच. घासून घासून कातडी लाल झालेली.

हा मळ नाही. शरीरात इन्सुलिन बरंच आहे, पण पेशी त्याला दाद देत नाहीत, असं झालं की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. रक्तात साचलेल्या जादा इन्सुलिनमुळे मानेच्या आणि काखेच्या घडीतल्या त्वचेच्या पेशी जास्त वाढतात. मधुमेह व्हायच्या कितीतरी आधी शरीर अशी खूण दाखवतं, तीही रक्त न काढता. ती दिसली की घासणं थांबवून लेकराला डॉक्टरांकडे न्यावं. हे प्रत्येक आईला माहीत असलं पाहिजे.

बारीक हातपाय, भरलेलं पोट

आपल्या मुलांची गोष्ट युरोप-अमेरिकेतल्या मुलांसारखी नाही, हे जगाला पुण्यातून कळलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपलं बाळ लांबीला, स्नायूंना, पोटातल्या अवयवांना कमी होतं. चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीचं, असं हे बाळ जन्मतं. पुढं घरात पैसा आला, हालचाल कमी झाली, पुडकी आली, की आधीच कमी असलेल्या स्नायूंवर चरबी चढत जाते.

डॉ. याज्ञिक यांनी २००४ साली लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचा स्वतःचा फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला होता. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा दोघांचाही सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर सारखी दिसणारी दोन माणसं आतून इतकी वेगळी असू शकतात.

म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं २०१५ साली आपल्या मुलांसाठी वेगळे वाढीचे तक्ते स्वीकारले. पुण्यातल्या डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा त्या कामात मोठा वाटा आहे. मोठ्या माणसांत उंचीच्या मानानं वजनाच्या याच आकड्यासाठी २५ आणि ३० या जागतिक रेषा मानतात. आपल्या मुलांच्या तक्त्यात त्याऐवजी प्रौढांच्या २३ आणि २७ यांना जुळणाऱ्या रेषा आखल्या आहेत, कारण आपल्याकडे कमी वजनावरच धोका सुरू होतो.

घरच्या घरी करायची एक चाचणी आहे. शिवणकामाची टेप घ्या, मुलाला सहज श्वास सोडायला सांगा आणि पोटाचा घेर मोजा. तो उंचीच्या निम्म्याहून जास्त नसावा. १४० सेंटिमीटर उंचीच्या मुलीचा घेर ७० च्या पुढं गेला असेल, तर वजन कितीही असो, लक्ष द्यायची वेळ आली आहे. पोटातली, आतड्यांभोवतीची आणि यकृतातली चरबी हृदयाला सगळ्यांत जास्त त्रास देते आणि ती काट्यापेक्षा टेपला आधी सापडते.

छातीच्या आत काय चाललेलं असतं

हृदयविकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पन्नाशीचा माणूस येतो. त्याची सुरुवात मात्र शाळेच्या वयात होते. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा या लहान गावात १९७३ पासून डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी मुलांच्या हृदयाचा अभ्यास चालवला. त्यातली काही मुलं आणि तरुण अपघातात किंवा इतर कारणांनी दगावले. शवविच्छेदनात त्यांच्या महाधमनीत आणि हृदयाच्या धमन्यांत चरबीच्या रेघा सापडल्या. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल असे धोके ज्याच्यात जितके जास्त एकत्र, तितक्या त्या रेघा जास्त. बोगालुसा हे काही महानगर नव्हे, म्हणून पाथरीसारख्या गावानं तो अभ्यास लक्षात ठेवायला हवा.

जादा वजनाच्या मुलाचं हृदय बसल्या जागीही जास्त काम करतं. अंग मोठं, त्यामुळे फिरवायचं रक्त जास्त. रक्तदाब हळूहळू चढतो. डाव्या कप्प्याची भिंत जाड होऊ लागते. धमन्या कडक व्हायला लागतात. पुण्यातल्या मुलांच्या मानेतल्या धमनीची सोनोग्राफीनं तपासणी झाली, तेव्हा जादा वजनाच्या मुलांत हा कडकपणा दिसला. २०११ साली प्रसिद्ध झालेलं हे काम खाडिलकरांच्याच गटाचं.

या सगळ्याची सुरुवात धमनीच्या आतल्या, एका पेशीइतक्या पातळ अस्तरापासून होते. पाथरीच्या शेतकऱ्याला कालवा माहीत आहे. पाणी वाढलं म्हणून कालवा रुंद होत नाही. धमनी होते. रक्ताचा वेग वाढला की अस्तराला तो घासून गेलेला कळतो, ते नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करतं, त्यानं भिंतीतला स्नायू सैल पडतो आणि धमनी रुंदावते. याच वायूचं काम उलगडल्याबद्दल १९९८ चं नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांना मिळालं. लठ्ठ मुलांत हे अस्तर सुस्त पडलेलं असतं, रक्ताची धाव वाढली तरी पुरेसा प्रतिसाद देत नाही.

मग त्याला जागं कसं करायचं? त्याच्यावरून रक्त वेगानं वाहू द्यायचं. म्हणजेच लेकराला धाप लागू द्यायची.

ऑस्ट्रेलियात पर्थ इथं २००४ साली १९ लठ्ठ किशोरवयीन मुलांवर झालेला प्रयोग यासाठी महत्त्वाचा आहे. त्यांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, तासभर आलटूनपालटून दमाचे आणि ताकदीचे व्यायाम दिले. त्यांच्या हाताला रक्तदाबाचा पट्टा काही मिनिटं आवळून सोडला आणि रक्त उसळून आल्यावर धमनी किती रुंदावते हे सोनोग्राफीनं मोजलं. सडपातळ मुलांची धमनी ८.९ टक्के रुंदावत होती, या मुलांची ५.३ टक्के. आठ आठवड्यांनी ती ८.८ टक्के रुंदावू लागली, म्हणजे जवळजवळ सडपातळ मुलांइतकी. पोटाकडची चरबी घटली. वजन मात्र जिथं होतं तिथंच राहिलं.

त्या मुलांना फक्त काट्यावर उभं केलं असतं, तर सगळे म्हणाले असते, ‘दोन महिने फुकट गेले.’ आत मात्र त्यांच्या रक्तवाहिन्या सुधारल्या होत्या.

पुण्यातली पाच वर्षं

हे ऑस्ट्रेलियाचं झालं, आपल्या शाळेत जमेल का? याचं उत्तरही पुण्यातच मिळतं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि सहकाऱ्यांनी सिम्बायोसिससोबत पुण्यातल्या एका शाळेत पाच वर्षं एक उपक्रम चालवला. सुरुवातीला मुलं ७ ते १० वर्षांची होती. तुलनेसाठी नाशिकच्या एका शाळेतली त्याच वयाची मुलं आणि पुण्याच्या त्याच शाळेतली, सुरुवातीलाच १२ ते १५ वर्षांची असलेली मुलं घेतली होती. २०१६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

केलं काय? खेळाचे तास वाढवले, शाळेच्या वेळेत आणि वेळेबाहेरही. रोज योगातले श्वासाचे व्यायाम घेतले. खेळाला गुण लावले, म्हणजे तो ‘नंतर बघू’वाला विषय राहिला नाही. आहाराची माहिती दिली, शाळेतलं जेवण सुधारलं आणि शाळेच्या दारातल्या जंक फूडच्या गाड्या हटवल्या. यातली एकही गोष्ट पाथरीला न परवडणारी नाही.

पाच वर्षांनी त्या शाळेतली मुलं धावणं, लांब उडी, जोर, सिट-अपसारखे पोटाचे व्यायाम, या सगळ्यांत तुलनेच्या दोन्ही गटांतल्या मुलांपेक्षा सरस ठरली. त्यांचा बसून राहण्याचा वेळ कमी झाला, खेळण्याचा वाढला, फळं खाणं वाढलं. पुण्याच्या तुलनेच्या गटापेक्षा पोटाचा घेर कमी राहिला. आणि वजन? उंचीच्या मानानं वजनात आणि लठ्ठ मुलांच्या प्रमाणात फरक पडला नाही.

काहींना हा निष्कर्ष निराश करणारा वाटेल. मला तो आशा देणारा वाटतो. नुसत्या शाळेच्या खेळानं वजन उतरत नाही, हे त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. वजन उतरायला घरचं ताट, झोप, पुडकी, मोबाइल हे सगळं बदलावं लागतं. पण मुलांचा दम, ताकद आणि पोटाचा घेर खेळानं बदलतो आणि हृदयाला त्यांचा फायदा होतो. व्यायाम ‘लागू पडला की नाही’ हे वजनकाट्यावर ठरवणं सोडलं, तर आपण मुलांना अर्ध्यात मैदान सोडू देणार नाही.

आपली सगळ्यात नेहमीची चूक तीच आहे. दिवाळीनंतर जोमानं पळणं सुरू होतं, महिनाभरात काटा हलत नाही, घरचे म्हणतात ‘काही उपयोग नाही’ आणि पोरगं पुन्हा सावलीत जाऊन बसतं. व्यायाम सुटला की आत झालेली सुधारणाही ओसरू लागते, त्यामुळे त्यात खंड पडू न देणं महत्त्वाचं.

रस्सीखेच आणि दोन बोटं

जाड मुलाला व्यायाम द्यायचा म्हणजे मैदानाला फेऱ्या मारायला लावायच्या, असं सगळीकडे दिसतं. हाच त्याचा सगळ्यांत नावडता आणि त्याला सगळ्यांत अवघड जाणारा प्रकार. गुडघ्यांवर भार पडतो, सगळ्यांच्या मागं राहावं लागतं, वरून ‘ए भोपळ्या, हल ना’ हे ऐकावं लागतं. शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावल्या की व्यायाम आणि शिक्षा यांची मनात गाठ बसते ती कायमची.

पाथरीतल्याच दुसऱ्या एका मैदानावर सरांनी वेगळी युक्ती केलेली पाहिली. त्यांनी तासाची सुरुवात रस्सीखेचीनं केली. सुतळीचा जाड दोर, मधे लाल चिंधी. दोराच्या टोकाला एक दणकट, वजनदार मुलगा उभा केला. टाचा मातीत रोवून, दोर काखेखालून घेऊन तो मागं झुकला आणि समोरची आठ पोरं फरफटत आली. त्याच्या नावाचा गजर झाला. असं होणं साहजिकही आहे, कारण जादा वजन वाहता वाहता अशा मुलांचे पाय आणि पाठ बळकट झालेले असतात. जिथं ती जिंकतात तिथून सुरुवात केली, तर पुढचा तास ती आनंदानं खेळतात.

दोर खाली पडताच सरांनी त्याला जवळ घेतलं आणि त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवायला शिकवलं. अंगठा नाही, पहिली दोन बोटं. पंधरा सेकंद मोजायचं आणि चारनं गुणायचं. ओठ हलवत त्यानं मोजलं, ‘‘सर, सदतीस.’’ म्हणजे मिनिटाला १४८. दोन मिनिटं सावकाश चालून पुन्हा मोजलं, ‘‘अठ्ठावीस.’’ म्हणजे ११२. सरांनी दोन्ही आकडे वहीत लिहिले. ‘‘पुढच्या महिन्यात हाच खेळ खेळू. ठोके लवकर खाली आले तर समजायचं, तुझं काळीज तगडं झालं.’’ पोरगं कितीतरी वेळ मनगट धरूनच फिरत होतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस जोराचा खेळ आणि स्नायू-हाडांना बळ देणारे व्यायाम असावेत. सलग साठ मिनिटंच हवीत असं नाही. अमेरिकेत ऑगस्टा इथं ७ ते ११ वयाच्या २२२ जादा वजनाच्या मुलांचे तीन गट केले आणि त्यांतल्या दोन गटांना १३ आठवडे शाळेनंतर पळापळीचे, दोरीउड्यांचे, चेंडूचे खेळ खेळवले. एका गटाला रोज २० मिनिटं, दुसऱ्याला ४०. दोन्ही गटांत इन्सुलिनची तक्रार कमी झाली, ४० मिनिटांच्या गटात अधिक. सुरुवातीची वीस मिनिटंही वाया जात नाहीत आणि पुढची वीस आणखी देऊन जातात.

पाथरीत बेत असा बसवता येतो. पहिले दोन आठवडे झपझप चालणं, रस्सीखेच, चेंडू फेकणं आणि भिंतीला हात टेकून जोर. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम लागला की वेग बरोबर आहे. मग लंगडी, कबड्डी, खो-खोचे छोटे डाव. आपले देशी खेळ या कामाला फार उपयोगी आहेत. खो-खोत चार-सहा सेकंद जीव तोडून पळायचं, मग बसायचं, पुन्हा उठायचं. जोराचा झटका आणि विसावा यांचं हे आलटूनपालटून चालणं हृदयाला चांगलं मानवतं, आणि बसायची पाळी सगळ्यांनाच येत असल्यानं कुणी एकटा मागं पडत नाही. दोरीउड्या महिन्याभरानं सुरू कराव्यात, गुडघे तयार झाल्यावर.

इथला उन्हाळा मोठा शत्रू आहे. चरबीच्या थराखाली उष्णता अडकते, त्यामुळे जाड मुलांना ऊन लवकर बाधतं. फाल्गुनापासून खेळ सकाळी उजाडताच किंवा दिवस कलल्यावर, डोक्याला टोपी, हाताशी पाणी. आणि चार खुणा प्रत्येक खेळाच्या सरांना पाठ हव्यात: खेळताना छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, थोड्याशा हालचालीनं न आवरणारी धाप, घरात कुणाचा तरुणपणी अचानक झालेला मृत्यू. सांधे सुजून ताप येण्याचा संधिवाताचा आजार पूर्वी झालेलं मूल असेल, तर तेही. यातलं काही आढळलं तर आधी डॉक्टर, मग मैदान. बाकीच्या मुलांची धाप ही भिण्याची गोष्ट नाही. विसाव्यानं ती बसते आणि दर आठवड्याला थोडी उशिरा लागते.

‘मोठी झाली आता’

मुलींचा विषय वेगळा लिहायला हवा. पाचवीपर्यंत मुलगी पोरांच्या बरोबरीनं पळते. सातवी-आठवीत कुणीतरी म्हणतं, ‘मोठी झाली आता,’ आणि ती मैदानावरून नाहीशी होते. स्वच्छतागृह नाही, पाळीच्या दिवसांत कपडे बदलायला आडोसा नाही, कंपाउंडवर टोळकी बसलेली. मराठी शाळा असो की उर्दू, या तक्रारी सारख्याच. एका आईनं सरळ सांगितलं, ‘‘खेळू द्यायला आमचं काही नाही. बघणारे बसतात ना भिंतीवर, त्यांचं काय करावं?’’

नेमक्या याच वयात चरबी वाढते, पाळी अनियमित होऊ लागते, इन्सुलिनची तक्रार सुरू होते. याच मुली पुढं आई होणार आहेत, आणि याज्ञिकांचा अभ्यास सांगतो की बाळाच्या शरीराची घडण आईच्या पोटातच सुरू होते. मुलीचं खेळणं थांबवलं तर नुकसान दोन पिढ्यांचं होतं.

आपल्याकडे बायांच्या खेळाला परंपरेनं जागा होती. नागपंचमीला झोके, फेर आणि फुगड्या चालतात. पाच मिनिटं जोरात फुगडी घालून पाहा, धाप कशी लागते ते कळेल. आता ते खेळ वर्षातून एकदा फोटोपुरते उरले. ते रोजच्या तासात आणता येतील. उंच भिंतीच्या शाळेत आठवड्यातून तीन संध्याकाळ फक्त मुलींसाठी, बाईंच्या देखरेखीखाली मैदान मोकळं ठेवता येईल. त्यासाठी लागतं ते एक कुलूप उघडणारं माणूस आणि एक चालू स्वच्छतागृह.

पाथरीला काय जमेल

यंत्रणा अगदीच नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली महाराष्ट्रातूनच, पालघरहून झाली. त्याची पथकं वर्षातून एकदा शाळेत येतात, उंची-वजन घेतात. कमी वजनाचं मूल शोधण्याची या पथकांची नजर तयार आहे. त्याच दिवशी टेपनं पोटाचा घेर, दंडाच्या मापाच्या पट्ट्यानं रक्तदाब आणि मानेवर एक नजर, एवढं जोडलं तर धोक्यातली मुलं कळतील. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. आणि वजन वर्गात मोठ्यानं वाचू नये. त्या एका आकड्यानं मूल वर्षभर चिडवलं जातं.

ताटाचा प्रश्न सुटायलाही बाहेर जावं लागत नाही. परभणीच्याच कृषी विद्यापीठानं लोह आणि जस्त जास्त असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण दिला आहे. भाकरी, वरण, भाजी, शेंगदाणे हे इथलंच जेवण आहे, पुडक्याच्या जागी तेच परत आणायचं. वाढत्या वयातल्या बहुतेक मुलांना उपाशी ठेवून वजन उतरवण्याची गरज नसते. वजन आहे तिथं राहिलं आणि उंची वाढत गेली, तरी शरीर सावरतं. आजींना हे पटतं, कारण यात नातवाच्या तोंडचा घास कुणी काढत नाही.

राहिला तास. शाळेत सगळ्यांत आधी बळी जातो तो खेळाचा तास. गणिताचा पोर्शन राहिला, द्या पी.टी.चा तास. परीक्षा आली, द्या पी.टी.चा तास. खेळाचे सर निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामाला. पुण्याच्या त्या शाळेत खेळाला गुण लावल्यावर चित्र बदललं. पाथरीतल्या पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एकच मागणी लावून धरावी: खेळाचा तास कुणालाही उसना द्यायचा नाही, आणि त्या तासाला कडेला कुणीही बसणार नाही. गुण लिहायची पाळी सगळ्यांना आळीपाळीनं यावी.

आणि घरी आई-बापांनी प्रश्न बदलावा. ‘वजन किती झालं?’ असं विचारण्याऐवजी विचारावं, ‘आज दम लागेपर्यंत किती वेळ खेळलास? ठोके किती झाले? किती वेळात खाली आले?’ या प्रश्नांची उत्तरं महिन्या-दोन महिन्यांत सुधारतात आणि ती सुधारणा लेकराला स्वतःला मोजता येते. काटा कदाचित हलणार नाही. पण चाळिशीत या मुलखातली माणसं छातीवर हात ठेवून परभणी-नांदेडच्या रुग्णवाहिकेत बसू नयेत असं वाटत असेल, तर त्याची तयारी सहावीच्या वर्गातच करावी लागेल. मैदान, दोर, फक्की आणि शिकवणारे सर पाथरीत आहेत. रोजचा एक तास तेवढा आपण मोठ्यांनी मुलांना द्यायचा आहे.